क्रूझचा खरा हिशेब: पुण्याच्या दारापासून पुण्याच्या दारापर्यंत

रविवारच्या पुरवणीतल्या क्रूझच्या जाहिरातीत किमतीचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि त्याच्या शेपटाला बारीक अक्षरांत ‘पासून’ हा शब्द चिकटवलेला असतो. माणशी 36,000 रुपयांपासून. या ‘पासून’मध्ये बरेच काही दडलेले असते: खालच्या मजल्यावरची बिनखिडकीची केबिन, तीत दोघे जण राहणार असे धरून काढलेला माणशी दर, शाळा सुरू असताना आडवारी सुटणारी फेरी, आणि बंदर शुल्क, कर व टिप वगळून उरलेली रक्कम. जाहिरातीतला आकडा खोटा नसतो. परदेशातून सुटणाऱ्या जहाजाच्या बाबतीत मात्र, कोथरूडहून किंवा हडपसरहून निघून पुन्हा घरी पोहोचेपर्यंत जो पैसा खर्च होतो त्याचा तो अनेकदा जेमतेम तिसरा हिस्सा असतो. म्हणून क्रूझचा हिशेब घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत मांडावा आणि तो आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी मांडावा. जहाजावर चढल्यानंतर बहुतेक खर्च केबिनच्या कार्डावर लिहिला जातो, नोटा हातातून जात नाहीत, आणि त्यामुळे किती खर्च झाला हे शेवटच्या रात्रीपर्यंत जाणवत नाही.

मुंबईहून सुटणारे जहाज

पुणेकरांच्या दृष्टीने सर्वांत कमी खर्चाची सुरुवात मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून होते. 2021 पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज तिथून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करत आले आहे. पासपोर्ट लागत नाही, विमान लागत नाही, परकीय चलनाचा प्रश्न नाही. पहिल्यांदाच समुद्रावर जाणाऱ्याने, विशेषतः घरात वयस्कर माणसे किंवा बोट लागणारे कोणी असेल तर, दोन रात्रींची गोव्याची फेरी आधी करून पाहावी असे माझे स्पष्ट मत आहे. चार लाख रुपये खर्चून सिंगापूरला गेल्यावर आपल्याला समुद्र सोसत नाही हे कळण्यापेक्षा ते इथेच कळलेले स्वस्त पडते.

पुण्याहून तिथे पोहोचण्याचा खर्च लोक गृहीतच धरत नाहीत. स्वतःच्या मोटारीने गेल्यास द्रुतगती मार्गाचा एका बाजूचा टोल 320 रुपये, अटल सेतूवरून गेल्यास त्याचे आणखी 250 रुपये, इंधन वेगळे, आणि मोटार दोन-तीन दिवस दक्षिण मुंबईत उभी करण्याचे भाडे तर अनेकदा या सगळ्यांपेक्षा जास्त होते. त्यापेक्षा डेक्कन क्वीन बरी. ती सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटून साडेदहाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. तिकिटावर दिलेली चेक-इनची वेळ दुपारची असेल तर ही गाडी आरामात साधते. परतीचे गणित मात्र इतके सोपे नाही. जहाज सकाळी धक्क्याला लागते आणि डेक्कन क्वीन संध्याकाळी निघते, त्यामुळे मधल्या वेळात सामान घेऊन बसण्यापेक्षा परतीची टॅक्सी चार-पाच जणांनी मिळून केलेली परवडते.

देशांतर्गत फेरीतही तिकिटाचा आकडा पाहून थांबू नये. बंदर शुल्क, जीएसटी आणि सेवा आकार यांपैकी काय धरले आहे आणि काय वेगळे लागणार आहे, हे लेखी विचारावे. गोव्याला जहाज वास्कोजवळच्या मुरगाव बंदराला लागते. तिथून पणजी सुमारे तीस किलोमीटर आहे, म्हणजे ‘गोव्यात उतरून फिरून येऊ’ या कल्पनेत टॅक्सीचे भाडे आणि दोन-अडीच तास धरलेच पाहिजेत. लक्षद्वीपची गोष्ट आणखी वेगळी आहे. अगत्तीला प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेले जाते, समुद्र खवळलेला असेल तर ते रद्द होते, आणि मूळ तिकिटाचे पैसे त्यासाठी परत मिळत नाहीत. बेटावर पाय ठेवण्यासाठीच जायचे असेल, तर ही शक्यता मनाशी धरूनच पैसे भरावेत.

चौघांचा सिंगापूरचा हिशेब

आता मोठ्या आकड्यांकडे वळू. सिंगापूरहून मलेशियातल्या पेनांग, पोर्ट क्लांग किंवा थायलंडमधल्या फुकेतला जाऊन येणाऱ्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्या मराठी कुटुंबांत सर्वाधिक लोकप्रिय आहेत. आई, वडील आणि अकरा व सात वर्षांची दोन मुले असे कुटुंब तीन रात्रींच्या फेरीला निघाले आहे असे समजू. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत, दर हंगामानुसार बदलतात. परंतु कोणता खर्च किती मोठा असतो याचा अंदाज त्यांवरून येईल. डॉलर सोयीसाठी 90 रुपयांचा धरला आहे.

पहिल्या दोघांचे तिकीट प्रत्येकी 400 डॉलर आणि त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्याचे प्रत्येकी 250 डॉलर, असे एकूण 1,300 डॉलर झाले. हीच जाहिरातीतली रक्कम, 1,17,000 रुपये. त्यावर बंदर शुल्क आणि कर माणशी 90 डॉलर धरले तर 360 डॉलर वाढतात. येथे मुलांना सवलत नसते, कारण हा आकार डोक्यांवर असतो. टिप माणशी दररोज 18 डॉलर म्हणजे तीन दिवसांची 216 डॉलर. एका फोनपुरते इंटरनेट दिवसाला 25 डॉलरप्रमाणे 75 डॉलर. जहाजापुरती बेरीज 1,951 डॉलर, म्हणजे सुमारे 1,75,600 रुपये.

याखेरीज विमानाची तिकिटे माणशी 30,000 प्रमाणे 1,20,000; जहाज सुटण्याच्या आदल्या रात्री आणि परतल्यावर एक रात्र सिंगापूरमधल्या हॉटेलात 30,000; एजंटच्या शुल्कासह व्हिसा 12,000; विमा 4,000; पुण्याहून मुंबई विमानतळापर्यंत जाण्या-येण्याची टॅक्सी 8,000; किनाऱ्यावरचे फिरणे 20,000; आणि जहाजावरचे आइस्क्रीम, फोटो, मुलांचे खेळ वगैरे किरकोळ 10,000. सगळे मिळून 3,79,600 रुपये. जाहिरातीतला आकडा या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी आहे. घराबाहेरच्या पाच रात्रींनी भागले तर कुटुंबाला एक रात्र सुमारे 76,000 रुपयांना पडते. मग त्याच पैशात थायलंड किंवा व्हिएतनाममध्ये आठ-दहा दिवस जमिनीवर राहता येईल का, हा प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे. उत्तर ‘तरीही जहाजच हवे’ असे आले तर खुशाल जावे. निदान ते माहीत असून घेतलेले असेल.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. जहाजाची फेरी तीनऐवजी पाच रात्रींची घेतली तरी विमान, व्हिसा, टॅक्सी आणि हॉटेल यांचा खर्च तेवढाच राहतो. त्यामुळे इतक्या लांब जाणारच असाल, तर लांबची फेरी दर रात्रीच्या हिशेबाने स्वस्त पडते. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाला हा नियम लागू नाही, कारण तिथे वरचा खर्चच थोडा आहे.

आदल्या रात्रीचे हॉटेल वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. मुंबईहून रात्रीचे विमान पकडून सकाळी सिंगापूरला उतरायचे आणि दुपारी जहाजावर चढायचे, असा बेत कागदावर छान दिसतो. परंतु विमानाला सहा तास उशीर झाला तर जहाज थांबत नाही, तिकीट बुडते, आणि पुढच्या बंदरावर स्वखर्चाने जहाज गाठायचे म्हटले तर तिथल्या प्रवेशाचे नियम आणि कंपनीची परवानगी आड येते. हॉटेलचे पंधरा हजार म्हणजे या धोक्यावरचा हप्ता समजावा. पावसाळ्यात तर पुण्याहूनच एक दिवस आधी निघावे. घाटात दरड कोसळली की गाड्या रद्द होतात हे पुणेकराला सांगायला नको.

केबिन कोणती घ्यावी

केबिनचे सर्वसाधारण चार प्रकार असतात: आतली बिनखिडकीची, न उघडणाऱ्या खिडकीची, बाल्कनीची आणि ‘सूट’, म्हणजे सर्वांत मोठी व महाग केबिन. तीन रात्रींच्या, सतत बंदरांना लागणाऱ्या फेरीत बाल्कनीवर पैसे घालू नयेत. माणूस केबिनमध्ये झोपण्यापुरताच जातो. अलास्का किंवा नॉर्वेसारख्या ठिकाणी, जिथे किनारा हेच दृश्य असते, तिथे बाल्कनीचे पैसे वसूल होतात. ज्यांना बोट लागते त्यांनी वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीपेक्षा खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागी असलेली केबिन घ्यावी. ती स्वस्तही असते आणि तिथे हेलकावे कमी जाणवतात. मळमळीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून पुण्यातूनच न्याव्यात.

‘गॅरंटी केबिन’ या नावाने एक स्वस्त पर्याय दिला जातो. त्यात केबिनचा प्रकार ठरलेला असतो, क्रमांक मात्र कंपनी नंतर देते. दोन तरुण माणसांना तो चालेल. आजी-आजोबांची केबिन आपल्या शेजारीच हवी असेल तर तो घेऊ नये.

एकट्याने जाणाऱ्याला क्रूझ महाग पडते. केबिनचा दर दोघांचा असल्यामुळे एकट्याकडून बहुधा दुप्पट किंवा त्याच्या जवळपास भाडे घेतात. उलट चौघांनी एका केबिनमध्ये राहिल्यास माणशी खर्च बराच खाली येतो, मात्र खोली फार लहान असते आणि न्हाणीघर एकच. किशोरवयीन मुले असतील तर समोरासमोरच्या दोन आतल्या केबिनचा दर एकदा काढून पाहावा. एका बाल्कनीच्या केबिनपेक्षा तो फारसा जास्त नसतो.

टिप: भरावी की काढून टाकावी

या विषयावर आपल्याकडे बराच वाद होतो. मोठ्या अमेरिकी कंपन्या माणशी दररोज साधारण 16 ते 20 डॉलर टिप आपोआप खात्यावर लावतात, सूटसाठी थोडी अधिक, आणि मुलांचीही लावतात. काही कंपन्यांत स्वागतकक्षावर जाऊन ही रक्कम कमी करता येते किंवा काढून टाकता येते, आणि ‘आम्ही तर काढूनच टाकली’ असे अभिमानाने सांगणारे लोक प्रत्येक सोसायटीत भेटतात. माझे मत वेगळे आहे. खोली साफ करणाऱ्या आणि ताटे उचलणाऱ्या माणसांच्या उत्पन्नाचा मोठा भाग या रकमेतून येतो, आणि त्यांत आपल्याकडची, गोव्याची माणसेही पुष्कळ असतात. ही रक्कम तिकिटाचाच भाग समजून बजेटमध्ये धरावी आणि ती परवडत नसेल तर फेरी एका रात्रीने लहान घ्यावी. तिकिटाबरोबर आगाऊ भरता येत असेल तर भरून टाकावी. नंतर दर वाढला तरी बहुधा जुनाच दर लागतो आणि शेवटच्या दिवशीचे बिल हलके होते.

एक सावधगिरी मात्र जरूर बाळगावी. पेयांच्या आणि विशेष रेस्टॉरंटच्या बिलात 18 ते 20 टक्के सेवा आकार बहुधा आधीच धरलेला असतो, आणि त्याच कागदावर ‘अतिरिक्त टिप’साठी एक रिकामी ओळही असते. ती भरण्याचे बंधन नाही.

खाणे, पिणे आणि इंटरनेट

तिकिटात मुख्य भोजनगृह, बुफे, साधा चहा-कॉफी, पाणी, पोहण्याचे तलाव आणि नाट्यगृहातले कार्यक्रम येतात. शाकाहारी जेवण सर्वत्र मिळते. जैन जेवण हवे असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवावे, त्याचे वेगळे पैसे सहसा लागत नाहीत. घरी केलेले पदार्थ बहुतेक जहाजांवर नेता येत नाहीत, कारखान्यात सीलबंद केलेली पाकिटे चालतात. गुळपोळीचा डबा धक्क्यावरच जमा झाला तर त्याची हळहळ जास्त होते.

पेयांच्या पॅकेजचा हिशेब सोपा आहे, पण तो कोणी करत नाही. समजा पॅकेज दिवसाला 70 डॉलर आणि त्यावर 18 टक्के, म्हणजे साडेब्याऐंशी डॉलर. एक पेला 13 डॉलर आणि त्यावर 18 टक्के, म्हणजे सव्वापंधरा डॉलर. रोज सहावा पेला घेतला तरच पॅकेज परवडू लागते. शिवाय अनेक कंपन्यांत एका केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले की दुसऱ्यालाही ते घ्यावे लागते. नवरा घेणारा आणि बायको न घेणारी असे जोडपे असेल तर पॅकेजचा विचार सोडून द्यावा. न पिणाऱ्या कुटुंबाने फार तर मुलांसाठी शीतपेयांच्या पॅकेजचा दर पाहावा.

इंटरनेट लागेलच असे वाटत असेल तर ते घरूनच, आधी विकत घ्यावे. जहाजावर दर चढा असतो. एका फोनचे घेऊन गरजेप्रमाणे आळीपाळीने वापरता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जहाज किनारा सोडताच फोन विमान मोडवर टाकावा. समुद्रात फोन जहाजाचे उपग्रहाधारित मोबाइल जाळे पकडतो, त्याचे दर सामान्य रोमिंगपेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि घेतलेला ‘इंटरनॅशनल पॅक’ तिथे लागू असेलच असे नाही. फोन पिशवीत पडून स्वतःच संदेश ओढत राहतो आणि बिल घरी आल्यावर कळते.

किनाऱ्यावर उतरल्यावर

येथे वाचवण्यासारखा सर्वाधिक पैसा आहे आणि येथेच चुकीची काटकसर सर्वांत महागात पडते. जहाजाची कंपनी विकते त्या सहली महाग असतात, परंतु त्या सहलीची बस अडकली तर जहाज तिची वाट पाहते किंवा प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः फिरायला गेलेल्यासाठी जहाज थांबत नाही. म्हणून मी अंतरावरून निर्णय घेतो. पेनांगला स्वेटनहॅम धक्का जॉर्ज टाउनला लागूनच आहे. तिथे उतरून पायी फिरावे, कंपनीच्या सहलीची गरज नाही. पोर्ट क्लांगपासून क्वालालंपूर गाठायला मोटारीने तासभर सहज लागतो आणि वाहतूक असेल तर जास्तच. तिथे कंपनीची सहल घ्यावी, किंवा चार जणांनी टॅक्सी ठरवून जहाज सुटण्याच्या निदान दोन तास आधी परतण्याचा नियम पाळावा. फुकेतला मोठी जहाजे बहुधा नांगरून राहतात आणि लोकांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर सोडतात, त्यामुळे रांगेतच वेळ जातो. युरोपात रोमसाठीचे बंदर चिवितावेक्किया हे शहरापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे, पण आगगाडी नियमित असल्यामुळे सराईत प्रवासी स्वतः जाऊन येतात.

बुकिंगनंतर वाढणाऱ्या खर्चाचे एक ताजे उदाहरण ग्रीसचे आहे. सँटोरिनी आणि मिकोनोस या बेटांवर उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशामागे उन्हाळ्याच्या हंगामात 20 युरो असा कर तिथल्या सरकारने जुलै 2025 पासून लावला. असे कर बंदर शुल्कात मिळवले जातात आणि कराराच्या अटींमध्ये ते नंतर वसूल करण्याचा हक्क कंपनीने राखलेला असतो. उलट एखादे बंदर रद्द झाले तर त्याचे बंदर शुल्क सहसा खात्यावर परत येते. ते आले की नाही हे पाहावे.

कार्ड, चलन आणि टीसीएस

जहाजावर चढताना कंपनी तुमच्या कार्डावर काही रक्कम अडवून ठेवते. क्रेडिट कार्ड असेल तर फक्त मर्यादा कमी होते. डेबिट किंवा फोरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून ठेवलेले कार्ड) दिले तर खरे पैसे अडकतात आणि ते सुटायला काही दिवस, कधी आठवडाही लागतो. पहिल्या खेपेला मी फोरेक्स कार्ड दिले होते. परतताना सिंगापूरच्या हॉटेलात तेच कार्ड नाकारले गेले तेव्हा कार्डावर पैसे असून नसल्यासारखे होते. तेव्हापासून जहाजासाठी क्रेडिट कार्ड आणि किनाऱ्यासाठी फोरेक्स कार्ड व थोडी रोख रक्कम अशी विभागणी मी पाळतो.

साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे बँक वर लावते तो आकार, साधारण 2 ते 3.5 टक्के असतो आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. जहाजावर 50,000 रुपयांचा खर्च झाला आणि मार्कअप 3.5 टक्के असेल तर 1,750 आणि 315 मिळून 2,065 रुपये नुसते जातात. मार्कअप नसलेली किंवा कमी असलेली कार्डे मिळतात. एका क्रूझसाठी वार्षिक शुल्क भरून असे कार्ड घेण्यात अर्थ नाही, पण दरवर्षी परदेशी जाणाऱ्याने घ्यावे. दुकानदार ‘रुपयांत बिल करू का’ असे विचारतो तेव्हा नाही म्हणावे आणि तिथल्याच चलनात बिल करावे. रुपयांत केले की विनिमयाचा दर दुकानाच्या बँकेचा लागतो आणि तो जवळजवळ नेहमीच वाईट असतो.

टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून आगाऊ गोळा करायचा आयकर, याबद्दल मात्र विनाकारण भीती आहे. भारतातल्या टूर कंपनीकडून परदेशी सहलीचे पॅकेज घेतले की ती हा कर गोळा करते. 1 एप्रिल 2025 पासून 10 लाख रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यापुढे 20 टक्के असा दर होता, आणि 2026 च्या अर्थसंकल्पात तो रकमेची मर्यादा न ठेवता सरसकट 2 टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला गेला. तीन लाखांच्या पॅकेजवर हा फरक 15,000 आणि 6,000 असा आहे. हा कर म्हणजे खर्च नव्हे. तो पॅन क्रमांकावर जमा होतो, आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरताना देय करातून वजा होतो किंवा परत मिळतो. म्हणून पॅन कोणाचा द्यायचा हा विचार आधी करावा. निवृत्त आईच्या नावाने पैसे भरले आणि ती विवरणपत्रच भरत नसेल, तर तिला केवळ या रकमेसाठी ते भरावे लागेल. नोकरदाराने आपल्या पॅनवर घेतले तर तो ही रक्कम कंपनीला कळवून पगारातून कापला जाणारा कर त्या प्रमाणात कमी करून घेऊ शकतो. पॅकेजवरचा 5 टक्के जीएसटी मात्र गेला तो गेला; दोन्ही आकडे बिलात वेगवेगळे मागावेत, कारण ‘कर सात टक्के’ असे एकत्र सांगणारा माणूस तुमच्या परत मिळणाऱ्या पैशांवर पांघरूण घालत असतो.

व्हिसा आणि विमा

सिंगापूरच्या व्हिसाचे सरकारी शुल्क 30 सिंगापूर डॉलर आहे. अर्ज अधिकृत एजंटमार्फत करावा लागत असल्याने त्याचा मेहनताना वेगळा. जहाज देशाबाहेर जाऊन परत येते, म्हणून व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना हे छापील प्रतीवर तपासावे. सिंगापूरचे आगमन कार्ड आणि मलेशिया व थायलंड यांचे तसेच ऑनलाइन अर्ज पूर्णपणे मोफत आहेत; त्यांचे पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. भूमध्य समुद्रातल्या फेरीसाठी शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचे, शुल्क जून 2024 पासून प्रौढांना 90 युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45 युरो आहे, केंद्राचे सेवा शुल्क वेगळे. ग्रीसमधून तुर्कस्तानातल्या बंदराला जाऊन जहाज परत येणार असेल तर तिथेही अनेक प्रवेशांचाच व्हिसा लागतो.

विम्यात काटकसर करू नये. जहाजावरचा डॉक्टर तपासणीचे पैसे डॉलरमध्ये खात्यावर लावतो, आपली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी बहुधा देशाबाहेर चालत नाही, आणि भर समुद्रातून रुग्णाला हलवावे लागले तर खर्च कल्पनेपलीकडचा असतो. पॉलिसीत क्रूझचा समावेश, रुग्ण हलवण्याचा खर्च आणि आधीपासूनचे आजार, विशेषतः रक्तदाब व मधुमेह, या तीन गोष्टी वाचून पाहाव्यात. चोविसाव्या आठवड्यात प्रवेश केलेल्या गर्भवतीला बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत आणि सहा महिन्यांखालील बाळालाही नाही. हे नियम पैसे भरल्यानंतर कळले तर परतावा मिळत नाही.

आगाऊ रक्कम कोणाला आणि कधी द्यावी

क्रूझमध्ये सुरुवातीला थोडी आगाऊ रक्कम आणि फेरीच्या साधारण 75 ते 90 दिवस आधी उरलेली सगळी, असा प्रघात आहे. त्यानंतर रद्द केल्यास दर पंधरवड्याला कपात वाढत जाते आणि शेवटी काहीच परत मिळत नाही. मे महिन्यातल्या फेरीचे पैसे फेब्रुवारीत लागतील हे लक्षात घेऊनच भिशीचा नंबर किंवा मुदत ठेवीची तारीख जुळवावी. वैयक्तिक कर्ज काढून क्रूझला जाऊ नये. ‘शून्य व्याजाचा’ हप्ता घेताना रोखीच्या ग्राहकाला मिळणारी सवलत आपण गमावतो का, हे विचारावे.

परत न मिळणाऱ्या आगाऊ रकमेचे तिकीट थोडे स्वस्त असते. मुलांच्या परीक्षांच्या तारखा जाहीर झालेल्या नसतील किंवा व्हिसा हातात नसेल तर ते घेऊ नये. कंपनी मोठी आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. मुंबईहून एप्रिल 2019 मध्ये सुरू झालेली जलेश क्रूझ 2020 मध्ये बंद पडली आणि तिचे ‘कर्णिका’ जहाज अलंगला भंगारात गेले. ‘ड्रीम क्रूझेस’ चालवणारी गेंटिंग हाँगकाँग ही कंपनी जानेवारी 2022 मध्ये कोसळली. म्हणून दीड वर्ष आधी पूर्ण पैसे भरण्याची घाई करू नये आणि शक्यतो क्रेडिट कार्डाने भरावे, कारण सेवा न मिळाल्यास बँकेकडे तक्रार करून ती रक्कम परत मागण्याचा एक मार्ग उरतो.

एजंटकडून घेत असाल तर पैसे त्याच्या संस्थेच्या खात्यावरच भरावेत, व्यक्तीच्या खात्यावर किंवा फोनच्या क्रमांकावर नव्हे. जीएसटी क्रमांकासह पावती घ्यावी आणि दोन दिवसांत जहाज कंपनीचा बुकिंग क्रमांक मागून तो कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहावा. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाला फेरीच्या पंधरा दिवस आधी कळले, की त्यांच्या एजंटने आगाऊ रक्कम भरली होती पण उरलेली भरलीच नव्हती आणि बुकिंग आपोआप रद्द झाले होते. अशा वेळी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या, म्हणजे पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. त्यासाठी पावत्या, संदेश आणि बँकेचे उतारे जपलेले असले पाहिजेत.

शेवटची रात्र

उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी, जेवणापूर्वीच, केबिनमधल्या दूरदर्शन संचावर किंवा जहाजाच्या ॲपवर आपले खाते उघडून प्रत्येक ओळ वाचावी. न घेतलेला फोटो, मुलाने कार्ड दाखवून घेतलेले तीन मिल्कशेक, दोनदा लागलेले इंटरनेट, केबिनच्या छोट्या फ्रिजमधली न उघडलेली बाटली, अशा गोष्टी त्यात सापडतात. स्वागतकक्षावर रात्री दहानंतर आणि सकाळी लांब रांग असते, म्हणून सहा-सातच्या सुमारास जावे. जहाजावर असेपर्यंत चूक दहा मिनिटांत दुरुस्त होते. पुण्यात परतल्यावर त्याच चुकीसाठी ई-मेल लिहीत बसावे लागते. भेट म्हणून मिळालेली जहाजावरची जमा रक्कम शिल्लक असेल तर ती बहुधा परत मिळत नाही, तेव्हा ती त्याच रात्री संपवून टाकावी. अंतिम बिलाची प्रत फोनवर उतरवून घ्यावी आणि घरी आल्यावर महिनाभराने क्रेडिट कार्डाच्या बिलाशी ताडून पाहावी. अडवलेली रक्कम आणि खरी वसुली अशा दोन नोंदी कधीकधी एकाच वेळी दिसतात, त्यांतली पहिली सुटली आहे ना, एवढेच पाहायचे असते.